न चमकण्याचा खर्च

आमच्या लहानपणी चमकणं हा गुण होता. तांब्या चिंचेने घासायचा, बूट तोंडाची वाफ सोडून पुसायचे आणि पाहुण्यांपुढे पोराला चमकवायचं. 2010 च्या ऑक्टोबरात आम्हां औरंगाबादकरांनी दीडशे मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. तेव्हाही देशाचे डोळे दिपले ते चमकण्यानेच. पुढे 2023 साली शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, आणि आता शेजारच्या चिरंजिवांनी सुपरकार आणली, तर ती चमकेचना! काळीकुट्ट. शाळेतला फळा कोरड्या फडक्याने पुसावा तशी.

"काका, मॅट आहे. जादा पैसे भरून घेतलीय."

म्हणजे न चमकण्याचे पैसे जादा! विकत घेतलेला साधेपणा हा साधेपणा की शिष्टपणा, असा एक तात्त्विक प्रश्न माझ्या मनात आला. पण खरं सांगायचं तर गाडी मनात भरली. चकचकीत गाडीत आपलंच तोंड दिसतं. हिच्यात गाडी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीला कावळ्याने आशीर्वाद दिला. शेजारधर्म म्हणून मी पंचा ओला केला आणि पुसायला गेलो. हात लागला की मला थांबता येत नाही. घरात स्कूटरचं मेणाचं पॉलिश होतं, तेही लावलं आणि चांगलं खसखसून घासलं. बॉनेटवर बशीएवढा भाग लख्ख झाला. मी समाधानाने चहाला गेलो.

संध्याकाळी खाली आरडाओरडा. तिथेच माझं ज्ञान वाढलं. या रंगावरचा पारदर्शक थर मुद्दाम किंचित खडबडीत ठेवलेला असतो, म्हणून उजेड आरशासारखा परत न फिरता चहूकडे विखुरतो. घासलं की खडबडीतपणा सपाट होतो आणि तेवढीच जागा चमकते. म्हणून मेण नको, पॉलिश नको, फिरत्या ब्रशाची धुलाई नको. सौम्य साबण, मऊ फडकं आणि सावली. चकचकीत रंगावरचा ओरखडा पॉलिशने बुजवता येतो, इथे अख्खं बॉनेट रंगवायचं. हे सगळं चिरंजीव ओरडून सांगत होते, ते गाड्या धुणाऱ्या पोराला. पोरगं मान खाली घालून उभं होतं.

मी घरात येऊन बसलो. समोर फडताळात आजोबांची बिदरीची डबी. जस्तात थोडं तांबं घालून ओततात, त्यावर चांदी ठोकून बसवतात, मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्याने धातू काळा करतात. धातू काळाठिक्कर पडतो, चांदी तेवढी चमकत राहते. अधूनमधून खोबरेलाचा हात फिरवला की झालं. तिच्यावर चमकत होती कारागिराची मेहनत. खाली बॉनेटवर चमकत होतं माझं कृष्णकृत्य!

मग मी मनाला पॉलिश करायला घेतलं. हेतू चांगला होता. कोणी सांगितलं नव्हतं. पोराला काय, शेजारी दुसरं काम मिळेल. रात्री नऊपर्यंत तीन हात झाले, पण तो डाग काही बुजेना. उलट जास्तच लकाकायला लागला. माणसाचं मन चकचकीत असतं असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते मॅट निघालं.

शेवटी चप्पल घातली आणि जाऊन सांगितलं. चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. मग रकमेचा आकडा बोलले. दोन महिन्यांची पेन्शन! हप्त्यांनी देतो आहे.

सकाळी त्या पोराची माफी मागायला गेलो. ते बादली भरत होतं.

"मी बघितलं होतं काका, तुम्ही घासताना."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मोठी माणसं. कसं सांगायचं?"

आणि फडकं पिळून ते पुढच्या गाडीकडे गेलं. न चमकण्याचा खर्च किती असतो याचा हिशेब मी रात्रभर बॉनेटवर मांडत होतो. तो त्या पोराने केव्हाच भरायला काढला होता, आणि पावतीही मागितली नव्हती.