वेळ, वेळै आणि वेलै

चेन्नईत नवी होते तेव्हा 'मला वेळ नाही' हे सांगताना मी एक चूक हमखास करायचे. तमिळमध्ये अशा ठिकाणी 'नेरम' हा शब्द लागतो. पण 'वेळै' असाही एक शब्द तिथे आहे, आपल्या वेळेच्या शेजारचा. तीन वेळचं जेवण म्हणजे 'मूणु वेळै साप्पाडु'. मी तोच पुढे करायचे, आणि माझ्या उच्चारामुळे समोरच्याला 'वेलै इल्लै' असं ऐकू जायचं. वेलै म्हणजे काम. मला काम नाही! कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर एकदा फार सहानुभूतीने विचारलं होतं, की कुठे लावून देऊ का?

ल आणि ळ यांच्यात जिभेच्या टोकाचा फरक. वेळ आणि काम यांच्यातला फरक मात्र एवढा सोपा नाही, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

तीन वर्षांपूर्वी मी दिवसाचं कमाईचं काम नऊ तासांवरून चारवर आणायचं ठरवलं. माझं पोट चालतं ते माहितीपुस्तिका, औषधांच्या सूचना आणि अ‍ॅपमधली वाक्यं मराठीत आणण्यावर. जीव अडकलेला असतो एका तमिळ कादंबरीत, जिचा अनुवाद चार वर्षं अर्ध्यावर पडून होता. मानही धरायला लागली होती. तेव्हा वेळ वाचवण्याची पुस्तकं वाचली आणि त्यातलं बरंच अमलात आणलं. एका जातीची कामं एकत्र केली, मेल दिवसातून दोनदाच उघडायला लागले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. पहिला खर्डा यंत्राकडून करून घ्यायचा आणि मी तो सुधारायचा. भाजी घरपोच. स्वयंपाक आणि भांडी अक्कांकडे. त्यांनी साडेसहाला यायचं आणि आठच्या आत आटपायचं, म्हणजे आठ ते बारा मला सलग मिळणार आणि दुपार कादंबरीची. तीन महिन्यांत हे जमलं. मी खूश होते, आणि भेटेल त्याला सांगत होते.

अक्का आधी अडयार नदीच्या काठी राहायच्या, आमच्याकडे पंधरा मिनिटांत चालत यायच्या. तिथली घरं हलवली आणि त्यांना शहराबाहेर पेरुंबाक्कमच्या वसाहतीत घर मिळालं. एकदा त्या म्हणाल्या, "मा, मी साडेनऊला आले तर चालेल का? साडेसहाला इथे यायचं तर चारला उठावं लागतं. नातीला शाळेत सोडायला घरी कुणी नाही."

मी म्हटलं, "अक्का, तेव्हा माझं काम सुरू असतं. भांड्यांचा आवाज झाला की लक्ष जातं. साडेसहालाच या ना."

"सरी, मा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साडेसहाला आल्या.

पुढे दोनेक महिन्यांनी मला काम देणाऱ्या एका कंपनीची मेल आली. पहिला खर्डा आता यंत्र करतं, तेव्हा शब्दामागचा दर निम्मा. मी भडकले. यंत्र वापरायला मी शिकले, शब्दसूची मी बांधली, वाचलेला वेळ माझा होता. तो यांनी परस्पर कसा काय उचलला? त्याच रागात स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर अक्का कट्ट्याला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या. पावणेआठ वाजले होते. हाच प्रश्न त्यांनी मला विचारायला हवा होता, आणि त्यांनी तो विचारलाही होता, जरा मऊ शब्दांत. मी ऐकला नव्हता.

तेव्हापासून मला हा प्रश्न पडलेला आहे: वाचवलेला तास कुणाचा? वेळ वाचवण्याचे सल्ले असं धरून चालतात, की तो हुशारीने वाचवणाऱ्याचा. टिमथी फेरिस यांचं आठवड्याला चार तास कामाचं पुस्तक २००७ साली आलं आणि जगभर खपलं. कंटाळवाणी कामं भारतातल्या सहायकांकडे सोपवा, असा त्यात एक सल्ला आहे. तो वाचताना आपण स्वतःला पुस्तक वाचणाऱ्याच्या जागी बघतो. पण अमेरिकेतल्या कुणाची कामं ज्याच्याकडे सोपवली जातात, तो माणूस चेन्नईत माझ्या शेजारी राहत असू शकतो, आणि त्याच्या घड्याळात रात्रीचा एक वाजलेला असतो. काम नाहीसं होत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दिवसात जाऊन बसतं.

मरिना किनाऱ्यावर देवीप्रसाद रॉय चौधरी यांचं कामगारांचं शिल्प आहे, १९५९ पासून. चार माणसं एक प्रचंड खडक हलवताहेत. मी ते अनेकदा पाहिलं, पण एक गोष्ट या मेलनंतरच लक्षात आली: चौघांतल्या एकाने हुशारीने हात काढून घेतला, तर खडकाचं वजन तसूभरही कमी होत नाही. उरलेल्या तिघांवर तेवढा भार वाढतो.

या शहरात कामाचे तास खरोखर कमी झाले, ते एकट्यादुकट्याच्या हुशारीने नाही. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतल्या कामगारांना घेऊन बी. पी. वाडिया यांनी एप्रिल १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन काढली, तेव्हाच्या तक्रारींत दुपारच्या जेवणाची तुटपुंजी सुट्टी ही एक मोठी तक्रार होती. १ मे १९२३ रोजी सिंगारवेलर यांनी इथल्याच किनाऱ्यावर सभा घेऊन देशातला पहिला मे दिन साजरा केला. आपल्याकडे त्याआधीच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. आणि १९४६ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, कारखाना कायद्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. मी ज्या रविवारी निवांत चहा पिते, तो कुणीतरी मागून, भांडून घेतलेला आहे.

आणि तो परत जाऊही शकतो. सिंगारवेलरांच्या सभेला शंभर वर्षं व्हायला दहा दिवस असताना, २१ एप्रिल २०२३ रोजी, तमिळनाडू विधानसभेने कारखान्यांना बारा तासांच्या पाळीची वाट मोकळी करणारं विधेयक मंजूर केलं. समर्थनाची भाषा माझ्या ओळखीची होती: लवचीकता. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, चार दिवस काम करा, तीन दिवस मोकळे. कामगार संघटना आणि सरकारचे मित्रपक्षही विरोधात गेले, आणि १ मे रोजी मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधेयक मागे घेतल्याचं जाहीर केलं. दिवसाची आखणी मी करते तेव्हा ती माझी सोय असते. तीच आखणी मालकाच्या हातात गेली, की शब्द तोच राहतो आणि अर्थ फिरतो. अनुवादकाला हे खरं तर आधी कळायला हवं होतं.

मग वेळ वाचवूच नये का? असं मला म्हणायचं नाही. पाट्यावर वाटण्यात कसलंही पुण्य नाही. २०११ पासून या राज्याच्या सरकारने शिधापत्रिकांवर लाखो घरांना मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा फुकट दिला, तेव्हा मतांसाठीची खैरात म्हणून त्याची पुष्कळ टिंगल झाली. अक्कांच्या घरी तो ग्राइंडर अजून चालतो. इडलीचं पीठ वाटण्याचा त्यांचा तास कुणाच्याही पाठीवर न पडता खरोखर वाचला. २०२१ पासून साध्या बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. त्याने पैसे वाचतात, तास मात्र नाही. त्याच वर्षी दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं इथे कायद्याने बंधनकारक झालं. दिवसभर उभं राहून साड्या दाखवणाऱ्या मुलींना बसण्यासाठी कायदा लागतो, हे आपल्या काळाबद्दल बरंच सांगून जातं. म्हणजे प्रश्न यंत्राचा किंवा युक्तीचा नाही. ती युक्ती भार कमी करते, की नुसता सरकवते, एवढंच बघायचं.

१९३० साली केन्स यांनी लिहिलं होतं, की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. त्या मुदतीची आता थोडीच वर्षं उरली आहेत, आणि आपल्याकडचे मोठे उद्योगपती आठवड्याला सत्तर, नव्वद तासांची भाषा बोलतात. उत्पादन वाढलं नाही म्हणून असं झालं, हे काही मला पटत नाही. वाचलेले तास वाटले गेले नाहीत, म्हणून झालं. मराठीत 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' अशी म्हण आहे, राबणाऱ्या माणसाच्या रिकाम्या घटकेला हसणारी. पण त्याच मराठीत 'आयत्या बिळावर नागोबा' हीसुद्धा आहे. वेळ वाचवण्याच्या भरात मी पहिलीला घाबरून दुसरीत जाऊन बसले होते.

अक्का आता साडेनऊला येतात, पगार तोच. भांड्यांचा आवाज होतो, आणि माझं लक्षही जातं. मराठीत काम करणारे आम्ही सहा अनुवादक मिळून त्या कंपनीला लिहून बसलो आहोत, की निम्म्या दरात आम्ही काम करणार नाही. उत्तर आलेलं नाही. दोघांनी मध्येच माघार घेतली. त्यांच्यावर मला रागावता येत नाही, कारण त्यांचेही घरांचे हप्ते आहेत. माझे चार तास पुन्हा साडेसहा झालेत. कादंबरीची साठ पानं अजून शिल्लक आहेत.

परवा अक्कांनी विचारलं, "मा, पुस्तक संपलं का?" मी म्हटलं, "वेळ मिळत नाही हो, अक्का." आणि या खेपेला शब्द बरोबर वापरला, नेरम. त्या हसल्या. म्हणाल्या, "मलापण."