देहाच्या मोलाने घेतलेली घरे

स्वतःच्या मालकीचे घर हे नागरिकाच्या कर्तृत्वाचे प्रमाणपत्र होय, अशी जी समजूत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत दृढ झाली, तिला सरकारचेही पाठबळ होते. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने दीर्घ मुदतीच्या गृहकर्जांची हमी घेतली, आणि त्याच खात्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जोखमीच्या ठरवून त्यांना त्या हमीतून वगळले. अमेरिकन नाटककारांनी या समजुतीची जी झडती घेतली, तीत एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते: घराची किंमत वेतनातून फिटत नाही, ती कुणाच्या तरी देहातून वसूल होते.

आर्थर मिलर यांच्या १९४९ सालच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मध्ये नेपथ्यकार जो मिल्झिनर यांनी लोमन कुटुंबाचे ब्रुकलिनमधील घर भिंतींवाचून, नुसत्या सांगाड्याच्या रूपाने उभे केले आणि सभोवार उंच इमारतींचा वेढा दाखवला. या घराचे कर्ज विली लोमन पंचवीस वर्षे फेडतो; पण परसात बी रुजेल एवढे ऊनही तिथे उरलेले नाही, आणि ज्या पेढीसाठी जन्मभर गावोगाव हिंडला, तीच त्याला उतारवयात नोकरीतून काढून टाकते. जिवंतपणी आपल्याला बाजारात किंमत नाही, मेल्यावर मात्र विम्याचे वीस हजार डॉलर आहेत, हा हिशेब त्याला पटतो व तो मोटार घेऊन मृत्यूकडे जातो. शेवटचा हप्ता त्याच्या दफनाच्या दिवशीच भरला जातो. मिळकत निर्वेध होते; उपभोगणारा उरत नाही.

लोमनला घर मिळण्यास आडकाठी तरी नव्हती. लॉरेन हॅन्सबरी यांच्या १९५९ सालच्या ‘अ रेझिन इन द सन’मधील कृष्णवर्णीय यंगर कुटुंबापाशी पैसा येतो तोही मृत्यूच्याच वाटेने: कष्ट करून झिजलेल्या पित्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर. त्यांतील साडेतीन हजार भरून आई गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते, आणि उरलेली रक्कम मुलगा वॉल्टर एका लबाडाच्या हवाली करून गमावतो. नेमक्या त्या वेळी वस्तीच्या मंडळाचा प्रतिनिधी, अत्यंत सभ्य भाषेत, दिलेल्या किमतीहून अधिक पैसे घेऊन घराचा नाद सोडण्याची सूचना करतो. वॉल्टर ती अखेर नाकारतो, आणि नाकारताना दाखला देतो तो पित्याच्या श्रमाचा. मृताचा मोबदला इथे प्रथमच वारसाचा हक्क बनतो.

या प्रसंगामागे लेखिकेच्या घरचा अनुभव होता. तिचे वडील कार्ल हॅन्सबरी यांनी १९३७ साली शिकागोत अशाच वस्तीत घर घेतले, जमावाचा रोष सोसला आणि कज्जा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९४० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. परंतु तो लागला, तो कृष्णवर्णीयांना वस्तीबाहेर ठेवणाऱ्या करारासंबंधीचा पूर्वीचा निवाडा त्यांच्यावर बंधनकारक नाही एवढ्याच मुद्द्यावर; आणि अशा वर्णभेदी करारांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करण्यास बंदी होण्यास १९४८ साल उजाडावे लागले.

ऑगस्ट विल्सन यांचे ‘फेन्सेस’ याहून निष्ठुर आहे. पिट्सबर्गमधील कचरागाडीवरचा कामगार ट्रॉय मॅक्सन याच्या डोक्यावरचे छप्पर आले ते युद्धात मेंदूला इजा झालेल्या त्याच्या भावाच्या, गॅब्रिएलच्या, नुकसानभरपाईच्या तीन हजार डॉलरांतून. पुढे, वाचता न येणाऱ्या ट्रॉयची सही एका कागदावर होते. भाऊ रुग्णालयात डांबला जातो, आणि त्याच्या भत्त्याचा अर्धा वाटा ट्रॉयकडे वळतो. जखमेचा लाभार्थी आणि जखमीचा पालक एकच असला म्हणजे कौटुंबिक प्रेमाचे काय होते, हे विल्सन कोणताही निवाडा न देता दाखवतात.

ही सारी बापलेकांच्या, भावाभावांच्या कलहाची नाटके आहेत, त्यांत समाजशास्त्र शोधणे हा वृथा पांडित्याचा हव्यास आहे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु हे कलह पेटतात तरी कशावरून? बापाने काय कमावले, लेकाने काय उधळले, कोणाच्या दुःखावर कोण सुखाने निजला, याच हिशेबावरून; आणि हा हिशेब दिवाणखान्यात आला तो बाहेरच्या पेढीतून, विमा कंपनीतून आणि सरकारी कचेरीतून. घर हेच माणसाच्या योग्यतेचे माप ठरवून ते त्याच्या वेतनाच्या आवाक्याबाहेर ठेवणारा समाज कुटुंबाला आप्ताच्या मृत्यूचा भाव करायला लावतो. तेव्हा त्या कुटुंबाच्या कलहाचा जाब विचारायचा तो त्या समाजाला.