मण्यार चावल्यावर

बसा. खांदे सैल सोडा.

श्वास आत येतोय. येऊ द्या. जातोय, जाऊ द्या.

आता डोळ्यांसमोर एक पापणी आणा. एकच.

पावसाळ्यातली पहाट आहे. ग्रामीण रुग्णालयातली खाट. रात्री जमिनीवर झोपलेला एक तरुण पोटात कळ येऊन उठलाय. अंगावर सूज नाही, चावल्याची खूणही सापडत नाही. मण्यारीचे दात इतके बारीक, की पुष्कळदा झोपही मोडत नाही.

पापणी पाहा. अर्धी उतरलीय. तो उघडू बघतो. कपाळाला आठ्या पडतात, पापणी तिथेच.

इथे थांबा. झोप अपुरी झाली असेल, असं वाटून माणसं इथूनच पुढे निघून जातात. तुम्ही थांबा.

डॉक्टर म्हणतात, ‘एका श्वासात आकडे मोज.’ तुम्हीही मोजा, मनात. तुम्ही 20 पर्यंत सहज जाता.

तो 9 वर अडतो. थोड्या वेळाने 6 वर.

छाती धडधाकट आहे. विष नसांच्या टोकांशी जाऊन बसलंय, स्नायूंना निरोपच पोचत नाही.

सलाइनमधून प्रतिसर्पविष चाललंय. ते रक्तात फिरणारं विष पकडतं. बिघडलेली टोकं मात्र आपल्या गतीने भरून येतात. त्याला कित्येकदा दिवस लागतात. तोवर श्वास दुसऱ्याने द्यायचा.

घशात नळी बसलीय. अंबू बॅग हातात घ्या.

दाबा. छाती वर येतेय ना? पाहा. सोडा.

थांबा. सहा सेकंद.

पुन्हा दाबा. सोडा.

व्हेंटिलेटर मिळेपर्यंत एवढंच. दाबा. सोडा.

आता त्याचं बोटही हलत नाही. बाहुल्या मोठ्या झाल्यात, बॅटरीच्या उजेडाने आकसत नाहीत. पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. या विषाचं मला सगळ्यात भय वाटतं ते इथे: तो शुद्धीवर असू शकतो. सगळं ऐकत असू शकतो.

तुम्हीही ऐका. पंखा. बाहेरचा पाऊस. दारातली कुजबुज. त्याच्या कानांवरही हेच पडतंय.

वाका. कानाशी हळू बोला. ‘दादा, घशात नळी आहे, म्हणून बोलता येत नाही. श्वास आम्ही देतोय. आता हाताला सुई टोचणार आहे.’

टोचण्याआधी सांगा. दुखणं त्याला कळतं.

आणि खाटेशी उभं राहून कुणी ‘आता काही खरं नाही’ म्हणत असेल, तर त्याला आधी बाहेर न्या.