माळवद, कठडा आणि शेजाऱ्याचा जीव

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८



मृग जवळ येऊं लागला म्हणजे खेड्यापाड्यांतील लोकांचे डोळे प्रथम आभाळाकडे व मग आपल्या घराच्या माथ्याकडे वळतात. कोंकणांत कौलें शाकारण्याची घाई उडते. मराठवाड्यांत व सोलापुराकडे, गढीच्या आश्रयानें वसलेल्या जुन्या गांवांत अजून कोठें कोठें माळवदाचीं घरें उभीं आहेत. तेथें पांढरी माती आणून धाब्यावर पसरतात, चोपतात व पन्हळी मोकळ्या करितात. ज्यांनीं पत्रे घातले आहेत ते सैल झालेले खिळे पाहतात. अशा दिवसांत छपराविषयीं देवाचें वचन काय सांगतें, ह्याचा आपण विचार करूं.

मोशेच्या द्वारें देवानें आज्ञा दिली कीं, जो नवें घर बांधील त्यानें धाब्यास कठडा करावा. नाहीं तर कोणी तेथून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. इस्राएल लोकांचीं घरें आमच्या माळवदासारखींच होतीं. राहाबेनें हेरांस जवसाच्या काड्यांखालीं लपविलें तें धाब्यावरच, आणि यापो येथें पेत्र प्रार्थनेस गेला तोही धाब्यावरच. उन्हाळ्याच्या रात्रीं मुलांबाळांसह धाब्यावर निजणाऱ्या आमच्या लोकांस ही आज्ञा समजावून सांगण्याची गरज नाहीं. पण तिच्यांतील एक गोष्ट ध्यानांत घ्या. घरधनी पडूं नये एवढ्याचसाठीं कठडा सांगितलेला नाहीं. जो कोणी तेथें येईल त्याच्यासाठीं तो सांगितला आहे. छप्पर माझें, पण त्याच्या आश्रयास आलेल्या जिवाचा हिशेब देव मजपाशीं मागणार आहे.

प्रथम, छपराखालीं निजणाऱ्याचा जीव. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां, पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर व भोंवतालचीं गांवें कोसळलीं. सरकारी गणनेप्रमाणें सुमारें ८,००० माणसें मृत्यु पावलीं. पुष्कळ जण आपल्याच घरांत निजले होते, आणि ज्या घरानें त्यांस ऊन व थंडी ह्यांपासून राखिलें, त्याच घराचे दगड व माती त्यांच्या अंगावर आली. पूर्वजांनीं हीं घरें मूर्खपणानें बांधिलीं नव्हतीं; माळवद उन्हाळ्यांत गार व हिंवाळ्यांत ऊबदार असतें. पण गळती लागली कीं जुनी माती न काढितां वर नवी टाकावयाची, अशी वहिवाट पडली. बापानें टाकिली, मुलानें टाकिली, नातवानें टाकिली. थर फूटभर, दीड फूट, कोठें त्याहूनही जाड झाला. भिंती रुंद होत्या, परंतु आंत दगडगोटे भरलेले, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांस एकत्र बांधणारा आरपार दगड बहुधा नसे.

येथें कोणी असें म्हणूं नये कीं, ते लोक अधिक पापी होते. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला तेव्हां प्रभु येशूनें हाच विचार खोडून काढिला (लूक १३:४). ते आमच्याहून अधिक अपराधी नव्हते. पश्चात्तापाची हांक जे उरले त्यांस, म्हणजे आम्हांस आहे. भूकंपानंतर जाणत्यांनीं राहिलेल्या घरांसाठीं उपाय सांगितले : माळवदावरील जादा माती उतरवा, खांब व तुळई ह्यांच्या सांध्यास तिरपे आधार ठोका, भिंतींत आरपार दगड बसवा. बंधूंनो, आमच्या मंडळ्यांचेंही असेंच नाहीं काय? भांडण झालें कीं वर वर माती टाकून आम्ही सण साजरा करितों. दुसरें भांडण झालें, दुसरा थर. दोन पक्ष एकाच भिंतीच्या दोन अंगांसारखे सरळ उभे दिसतात, पण मध्यें जोडणारा दगड नसतो. तो दगड ख्रिस्त आहे. त्यानेंच दोहोंचें एक केलें. जुनी माती आधीं उतरवा, मग नवी टाका.

दुसरें, छपरावर चढणाऱ्याचा जीव. आमच्या आजोबा-पणजोबांपैकीं कित्येकांनीं गांवांतील माळवदांसाठीं डोक्यावर माती वाहिली. पण त्या माळवदाखालीं पाऊल ठेवण्याची त्यांस मनाई होती. तें दुःख आम्हीं विसरलों नाहीं. मग प्रभूच्या घरांत आलेल्या आम्हीं कामकऱ्याशीं कसें वागावें? आम्हांस एक गोष्ट लाजेनें कबूल करावी लागते. एके वर्षीं मंदिराचें छप्पर गळत होतें. काम करणाऱ्यानें तें चार दिवसांत नीट केलें. पंचांनीं म्हटलें, “पाऊस पडूं द्या, गळतें कीं नाहीं हें पाहून पैसे देऊं.” पंचांमध्यें आम्हीही होतों, आणि आम्ही गप्प राहिलों. पाऊस पडला, मंदिरांत एक थेंब आला नाहीं. मग कोणी म्हणालें, कापणीच्या सणाची वर्गणी येऊं द्या. श्रावणांत त्या मनुष्याच्या मुलाच्या आजारपणाची बातमी कळून आम्ही त्याच्या घरीं गेलों. घरांत तीन ठिकाणीं भांडीं मांडिलीं होतीं व मूल कोरड्या कोपऱ्यांत निजविलें होतें. “पत्र्याला पैसे नव्हते, पाळकसाहेब,” एवढेंच तो बोलला. त्याच दिवशीं आम्हीं त्याची मजुरी पोंचती केली. पण ज्या छपराखालीं उभे राहून आम्ही कोरड्या अंगानें उपदेश केला, तें छप्पर तोंवर त्याच्या ऋणाचें होतें. जो शेजाऱ्याकडून काम करून घेऊन त्याची मजुरी देत नाहीं, त्यास यिर्मयानें हाय हाय म्हटलें आहे (यिर्मया २२:१३). तो शब्द आम्हांस त्या दिवशीं कळला.

म्हणून मजुरी आधीं ठरवा व काम होतांच द्या. कामकरी वर चढेल तेव्हां शिडी धरावयास मनुष्य उभा करा. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो, पण पायाखालीं अकस्मात् फुटतो. त्यावर लांकडी फळी टाकल्याशिवाय कोणास पाऊल ठेवूं देऊं नका. त्या दिवसापुरता हाच तुमचा कठडा समजा.

तिसरें, ज्याच्या घराकडे पाहणारा कोणी नाहीं त्याचा जीव. कफर्णहूमांत चौघांनीं एका पक्षघाती मनुष्यासाठीं छप्पर उकरलें (मार्क २:४). माळवद उकरणें म्हणजे काय हें तुम्हांस ठाऊक आहे : खालीं बसलेल्यांच्या डोक्यांवर माती पडली असेल, घरधनी ओरडला असेल. तरी प्रभु रागावला नाहीं; त्यानें त्यांचा विश्वास पाहिला. एका मनुष्याच्या जिवापुढें त्यानें छपराची किंमत केली नाहीं. तें छप्पर मागाहून कोणीं नीट केलें हें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तें काम आपल्यासाठीं राहिलें आहे असें समजूं या.

उपदेशकांस आमची विनंती आहे कीं, येत्या रविवारीं उपासनेनंतर दोन तरुणांस बरोबर घेऊन वस्तींत फिरावें व प्रत्येक घराचा माथा पाहावा. ज्या विधवेस मुलगा नाहीं, जो म्हातारा शिडी चढूं शकत नाहीं, त्यांच्या घरापासून आरंभ करावा, मग ते आपल्या मंडळीचे असोत वा नसोत. मंदिराचें छप्पर शेवटीं पाहावें.

हे प्रभो, तुला डोकें टेकावयास ठिकाण नव्हतें, आणि तूं आम्हांस निवारा दिलास. आमच्या छपरांखालीं, छपरांवर व छपरांवांचून असलेल्या प्रत्येक जिवाची आठवण आम्हांस दे. आमेन.