दुखणं कोण ऐकतं?

गर्भात वाढताना शरीर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी घडवतं आणि मग त्यांतल्या बऱ्याच मरू देतं. वेदना वाहून नेणाऱ्या पेशींपैकी जगायचं कुणी, याचा निवाडा एका प्रथिनावर होतो. त्याचं नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजेच एनजीएफ. कातडीसारख्या ठिकाणी ते अगदी तुटपुंजं तयार होतं. ज्या पेशीचा तंतू तिथवर पोचतो आणि ते प्रथिन पकडू शकतो, ती पेशी तगते. बाकीच्या मुकाट्यानं संपतात.

हे प्रथिन शोधणाऱ्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी ज्यू होत्या. 1938 च्या वंशद्वेषी कायद्यांनी इटलीतल्या विद्यापीठाचे दरवाजे बंद केले, तेव्हा त्यांनी घरातल्या खोलीतच कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग सुरू ठेवले. पुढे अमेरिकेत, सेंट लुईसला, एनजीएफ हाती लागलं. 1986 साली स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे गौरव झाला तो एनजीएफ या निरोपाचा. तो निरोप घेणारे पेशीवरचे ग्राही नीट कळायला आणखी काही वर्षं जावी लागली, आणि खरी गुंतागुंत तिथेच निघाली.

ग्राही दोन आहेत. ट्रॅक-ए हा पहिला. याचं जनुक आधी आतड्याच्या कर्करोगात सापडलं. तो एनजीएफचा ग्राही आहे हे 1991 मध्ये स्पष्ट झालं. एनजीएफ चिकटलं की दोन ट्रॅक-ए जवळ येतात, एकमेकांना चेतवतात आणि ती जोडी तंतूतून उलट्या दिशेनं पेशीच्या मुख्य भागाकडे नेली जाते. बोटाच्या टोकापासून मणक्याजवळच्या पेशीपर्यंत हा प्रवास अख्ख्या हाताच्या लांबीचा असतो. दुसरा पी-75. तो ट्रॅक-एच्या सोबतीला असला की त्याची पकड घट्ट करतो. ट्रॅक-ए नसताना, विशेषतः एनजीएफचं कच्चं रूप समोर आलं तर, हाच पी-75 पेशीला मरणाच्या वाटेला लावू शकतो. जगणं की मरणं, हे नुसत्या निरोपावरून सांगता येत नाही. तो घेतला कुणी, हे पाहावं लागतं.

मोठेपणी या यंत्रणेचं काम बदलतं. जखम झाली, सूज आली की त्या जागी एनजीएफ वाढतं आणि ट्रॅक-ए असलेले तंतू हळवे होतात. भाजलेल्या हातावर कोमट पाणीही चटका देतं, त्याचं हे एक कारण. वाढवणारा निरोप आणि दुखवणारा निरोप, दोघांचं दार एकच.

हे दार जन्मतःच बंद असेल तर काय होतं? 1996 मध्ये जपानच्या यासुहिरो इंदो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ट्रॅक-एच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांना वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. घामग्रंथींना जाणारे तंतूही एनजीएफवरच जगतात. ही मुलं जीभ चावून घेतात, मोडलेल्या हाडावर चालतात, उन्हाळ्यात तापानं फणफणतात.

कुष्ठरोगाचा चट्टा पाहिलेल्याला ही जोडी ओळखीची वाटेल: बधिर आणि कोरडा. ठाणे-पालघर पट्ट्यात आजही असे नवे रुग्ण सापडतात. या रोगाचे जंतू तंतूभोवतीच्या पेशींत घर करतात. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. 1994 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रवीण आनंद आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या कातडीत एनजीएफच घटलेलं असल्याचं मांडलं. कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण म्हणतो. ती जातात मुख्यतः न जाणवलेल्या जखमांनी आणि चटक्यांनी.

तरीही दुखणं पवित्र मानायचं कारण नाही. महिनोन्‌महिने ठणकणारा गुडघा काही शिकवत नाही, नुसता छळतो. म्हणून एनजीएफलाच अडवणारं टॅनेझुमॅब हे औषध तयार झालं. त्यानं दुखणं कमी झालं. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं झिजले. 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागारांनी जवळपास एकमुखानं त्याला नकार दिला. नेमकं कारण काहीही असो, एवढं दिसलं, की दुखणं थांबणं आणि सांधा सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यंत्रमागांच्या भिवंडीत हा फरक रोजच्या जगण्याचा आहे. साध्या यंत्रमागावर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की एक लहानसा काटा साचा, म्हणजे माग, थांबवतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला, तर असा साचा बहुधा चालूच राहतो. ते पाहणं कामगाराच्या नजरेवर सोडलेलं असतं. कामगाराचं शरीर मात्र पूर्ण सज्ज असतं. बारा तासांच्या पाळीत कंबर भरून येते, खांदा धरतो, ट्रॅक-ए आपलं काम चोख करतो, निरोप मेंदूपर्यंत जातो. पुढे तो अडतो. मजुरी कापडाच्या मीटरवर असते. साचा थांबला की ती थांबते. मग मेडिकलमधून वेदनाशामक गोळी येते. ती ट्रॅक-एला हातही लावत नाही. सूज आणि ठणका वाढवणारी दुसरी रसायनं ती रोखते. पाळी निभावते, कंबर झिजतच राहते.

गोळी घेणाऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि चुकीचंही. त्यानं निरोप ऐकलेला असतो. तो ऐकून थांबण्याची ऐपत त्याच्याकडे नसते. कुष्ठरोग्याच्या बोटाला जखम कळत नाही, तिथे शरीरात बिघाड असतो. यंत्रमाग कामगाराचं दुखणं कुणापर्यंत पोचत नाही, तिथे बिघाड शरीराबाहेर आहे, आणि तो माणसांनी केलेला आहे.

म्हणून कामगारांच्या आरोग्याचा विचार फक्त शिबिरं आणि औषधवाटप यांवर सोपवून भागत नाही. तपासणी हवीच, गोळीही हवी. पण मजुरी न कापता मिळणारी विश्रांती, आजारपणाची भरपगारी रजा आणि पाळीच्या तासांवर खरोखर पाळली जाणारी मर्यादा या गोष्टी आरोग्याच्याच यादीत लिहायला हव्यात. निरोप घेणारा ग्राही शरीर आईच्या पोटातच घडवून ठेवतं. त्या निरोपावर थांबता येईल अशी मजुरीची पद्धत घडवणं हे मालकाचं, सरकारचं आणि स्वस्त कापड मागणाऱ्या आपलं काम आहे.