सावित्रीचा खेळ

पुराणांतील कथा मुलांना सांगाव्या कीं वाचावयास द्याव्या, एवढाच प्रश्न पूर्वींच्या पिढ्यांपुढें होता. त्या मुलांना खेळावयास द्याव्या काय, हा प्रश्न नवा आहे. पडद्यावरील नायिकेला मुलानें स्वतः चालवावें, तिच्या मार्गांतील संकटें आपल्या हातानें निवारावीं आणि त्या ओघांत त्याला कथेचें व आचाराचें ज्ञान व्हावें, अशी शैक्षणिक व्हिडिओ गेमची कल्पना आहे. तिला नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यांतला नाहीं. कीर्तनांतून कथा रंगभूमीवर आली, रंगभूमीवरून चित्रपटांत गेली, आणि तरीही ती जिवंत राहिली.

अलास्कांतील एक प्रयोग या बाबतींत पाहण्यासारखा आहे. तेथील मूळ रहिवाशांच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या संस्थेच्या पुढाकारानें २०१४ सालीं ‘नेव्हर अलोन’ हा खेळ प्रसिद्ध झाला. इन्युपियाक लोकांची एक परंपरागत कथा त्याला आधारभूत आहे. न थांबणारें हिमवादळ कोठून येतें हें शोधण्यास नूना नांवाची मुलगी निघते आणि एक पांढरा कोल्हा तिला साथ देतो. कथन इन्युपियाक भाषेंतच ऐकूं येतें, आणि खेळाच्या ओघांत त्या समाजाच्या जीवनावरील छोटे माहितीपट पाहावयास मिळतात. मूळ कथेंत नायक मुलगा होता. खेळांत त्याची मुलगी झाली. तरीही कथेचें कांहीं बिघडलें नाहीं, कारण तेथें संकट बाहेरचें आहे. मूल पडतें, पुन्हां उठतें, थोडें मागून पुन्हां चालूं लागतें; वादळाशीं झुंजण्याची हीच रीत आहे.

परंतु आपल्या सावित्रीचा असा खेळ करावयाचा म्हटलें म्हणजे अडचण निराळी पडते. वरवर पाहतां तिची कथा खेळासाठींच रचली आहे असें वाटेल. वनपर्वांत मार्कंडेय युधिष्ठिराला ती सांगतो. राजकन्या रथांत बसून स्वतः वर शोधावयास निघते. पुढें यमाच्या मागोमाग चालते. एकामागून एक पांच वर मिळविते. पायऱ्या आहेत, बक्षिसें आहेत, शेवटीं मोठें बक्षीस आहे. खेळ रचणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

पण वर कसे मिळाले तें पाहावें. सासऱ्याची दृष्टि, त्याचें गेलेलें राज्य, पित्याला शंभर पुत्र, स्वतःला शंभर पुत्र, आणि मग पतीचे प्राण, असा तो क्रम आहे. पहिल्या चार वेळीं यम सत्यवानाचें जीवित वगळून वर माग म्हणतो. पांचव्या वेळीं ती अट त्याच्या तोंडून येत नाहीं. लोकांत या कथेला चातुर्याचें रूप आलें आहे. सावित्रीनें यमाला शब्दांत पकडलें, असें आपण कौतुकानें सांगतों. चातुर्य तेथें आहे, नाहीं असें नव्हे. तथापि यम प्रसन्न होतो तो तिच्या बोलण्यानें. सात पावलें बरोबर चालल्यानें मैत्री होते, या नात्यानें ती त्याच्याशीं धर्माविषयीं बोलते. आणि पहिला वर मागतांना पांचवा मिळेल याची तिला कसलीच हमी नव्हती. आंधळ्या सासऱ्याचे डोळे तिनें मागितले ते डोळे म्हणूनच.

खेळांत हेंच नेमकें उलट होण्याचा संभव आहे. सासऱ्यासाठीं वर मागितल्यास पन्नास गुण, राज्यासाठीं मागितल्यास शंभर, असा हिशेब पडद्याच्या कोपऱ्यांत दिसूं लागला, कीं सासऱ्याचे डोळे ही एक पायरी होते. दहा वर्षांचें चलाख मूल दुसऱ्याच खेपेला तें ओळखील आणि पहिले चार वर पटापट मागून पांचव्याकडे धांवेल. आपण त्याला निःस्वार्थ बुद्धि शिकवूं गेलों आणि उत्तम सौदा शिकवून बसलों, असें होईल. बक्षिसाच्या आशेनें केलेलें सत्कृत्य हें सत्कृत्यच नव्हे, इतकें कडक मत माझें नाहीं. खाऊच्या आशेनें पाढे म्हटलेल्या मुलाला पाढे येतातच. पण पाढे आणि करुणा यांत फरक आहे. खाऊ संपल्यावर पाढे उरतात; करुणेचें तसें सांगतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट पुनःप्रयत्नाची. सत्यवानाला एकच वर्षाचें आयुष्य आहे असें नारद सांगतो, पिता दुसरा वर पाहा म्हणतो, आणि सावित्री नकार देते. निवड एकदांच होते, हेंच तिचें उत्तर. ही निवड मागें फिरवितां येत असेल तर तिला वजन काय राहिलें? म्हणून माझी सूचना अशी कीं साऱ्या खेळांत पडावें, उठावें, पुन्हां चालावें. फक्त नारदाच्या भाकितानंतरचा निर्णय एकदांच घेतां यावा, आणि तो पुरें जाणून घेतलेला असावा. गुण तर कोठेंच दिसूं नयेत.

याहून कठीण आहे तें मधलें वर्ष. आश्रमांत सावित्री दिवस मोजते आणि कोणाला कांहीं सांगत नाहीं. सासूसासऱ्यांची सेवा, पतीशीं गोड बोलणें, आणि मनांत तो एक दिवस! येथें शत्रु नाहीं, धांवपळ नाहीं. खेळ विकणारा हा भाग कापूं म्हणेल. मला मात्र वाटतें, मुलाला लांकडें रचूं द्यावीं, पाणी भरूं द्यावें, आणि दिवस उलटतांना पाहूं द्यावे. कंटाळलें तर कंटाळूं द्यावें.

आणि खेळ यमाच्या शेवटच्या वरापाशीं संपवूं नये. महाभारतांत त्यापुढें एक सुंदर प्रसंग आहे. सत्यवान शुद्धीवर येतो तेव्हां रात्र पडलेली असते आणि त्याला नीट चालवत नाहीं. सावित्री फळांची टोपली झाडाच्या फांदीला अडकवून ठेवते, कुऱ्हाड स्वतः घेते, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेते. पळसाच्या झाडीशीं वाट दुभंगते. उत्तरेकडच्या वाटेनें जावयाचें असतें. आश्रमांत सासऱ्याला दृष्टि आलेली आहे, हें तिनें अजून पाहिलेलें नाहीं. मुलानें तिला त्या अंधारांतून सावकाश चालवीत घरीं आणावें.