पार्थिव मूर्ति आणि कर्तव्याचा भार

जी वस्तु थोड्या दिवसांत पाण्यांत मिळून जावी म्हणूनच घडविली जाते, ती कशाची घडवावी, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु रायगड जिल्ह्यांतील पेण शहर आणि त्याच्या शेजारचीं जोहे, हमरापूर हीं गांवें यांना २०१० ते २०२० या दशकांत याच प्रश्नानें ग्रासलें होतें. आणि तो प्रश्न नीतीचाही आहे.

पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ति जुनी आहे. शहरांतील ही कला पुढें आसपासच्या गांवांत पसरली व जोहे-हमरापूर भागांत तिला बारमाही धंद्याचें रूप आलें. शाडूची मूर्ति वाळण्यास वेळ घेते. ती जड व नाजूक असते. प्लास्टर ऑफ पॅरिस साच्यांत लवकर घट्ट होतें; त्याची मूर्ति हलकी असते व दूरच्या प्रवासांत टिकते. मात्र कारखान्यांत जो गुण, तोच पाण्यांत दोष ठरतो. ही मूर्ति सहजासहजी विरघळत नाहीं. २०१० सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें विसर्जनाविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. मे २०२० मध्यें त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, आणि साथीच्या त्या वर्षीं लागलीच ती मनाई एक वर्ष पुढें ढकलली.

आतां दोष कोणाचा? कारागिराचा, असें म्हणणें सोपें आहे. नदी सर्वांची आहे. पोटासाठीं ती बिघडविण्याचा अधिकार कोणासही नाहीं, हें खरेंच. परंतु उंच, हलकी, झगझगीत आणि स्वस्त मूर्ति मागितली कोणीं? ज्याच्या हातीं निवड अधिक, त्याच्यावर कर्तव्याचा भारही अधिक, हा न्याय येथें लाविला पाहिजे. कारागिराचें भांडवल हंगामाच्या कितीतरी आधीं गुंतलेलें असतें. गिऱ्हाइकास केवळ आपल्या हौसेला मुरड घालावयाची असते. शिवाय भाद्रपद शुद्ध चतुर्थीस 'पार्थिव' गणपतीच्या पूजेचा संकल्प करतो तो यजमान. पार्थिव म्हणजे मातीचा. तोंडानें माती म्हणावयाचें आणि घरीं प्लास्टर आणावयाचें, ही विसंगति प्रथम त्याची आहे.

म्हणून मातीकडे परतण्याचा सारा खर्च एकट्या कारागिरानें सोसावा, हें न्याय्य नव्हे. मूर्ति लहान घ्यावी, ती वेळेवर सांगून ठेवावी, आणि वाळण्यास लागणाऱ्या दिवसांचें मोल आनंदानें द्यावें. एवढें केल्यावरच कारागिरास बोल लावण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होईल.